रस्त्यापासून किती आत? हरणांचा हंगाम आणि जंगलातली बंद फाटकं

डोंगऱ्या

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, पहाटेचे साडेपाच. पेन्सिल्वेनियातल्या स्प्राऊलच्या सरकारी जंगलातल्या खडीच्या रस्त्यावर पिकअप गाड्यांची रांग लागलेली, समोरून कोणी आलं तर मागे कोणी घ्यायची यावरून बाचाबाची व्हावी इतकी. दहा वाजता मी आतून एका टेकाडावरून खाली पाहिलं, तर रस्त्याच्या कडेकडेने नारिंगी ठिपकेच ठिपके. माझ्या मागच्या घळीत मात्र एकही माणूस नाही.

इथे नसलेल्यांसाठी थोडक्यात. पेन्सिल्वेनियात साधारण 22 लाख एकर स्टेट फॉरेस्ट आहे आणि शिकार खात्याच्या ताब्यातले गेम लँड्स आणखी 15 लाख एकर. जमीन सरकारी. परवाना काढा, डोकं-छाती-पाठ मिळून 250 चौरस इंच नारिंगी कापड दिसेल असं घाला, आणि जा. लांडगे आणि प्यूमा इथून केव्हाच संपले, त्यामुळे पांढऱ्या शेपटीची हरणं आटोक्यात ठेवायचं काम मुख्यतः बंदुकीकडे आहे. 2018 पर्यंत बंदुकीचा हंगाम सोमवारी सुरू व्हायचा आणि कितीतरी शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. म्हणजे इथला पोळाच म्हणा.

आता मुद्दा. जंगलात बरेच रस्ते एरवी फाटक लावून बंद असतात. हंगामात वनखातं त्यातले काही उघडतं. आमच्या भागातले लोक दरवर्षी म्हणतात, आणखी उघडा. यंदा शेजाऱ्याने तशा अर्जावर माझी सही मागितली. मी दिली नाही.

कारण, फाटक उघडलं म्हणजे माणूस आत जातो असं नाही, गाडी आत जाते. माणूस आळशी, तो पूर्वीसारखाच गाडीपासून हाकेच्या अंतरावर बसतो. संध्याकाळी पेट्रोल पंपावर तोच सांगतो की 'हरणंच उरली नाहीत, खात्याने सगळी मारायला लावली.' अरे बाबा, हरणं आहेत. तू ज्या ओढ्यापलीकडे जात नाहीस तिथे आहेत.

मी दरवर्षी दीड मैल आत जातो. वय 47, गुडघे ठीक. शिकार मिळो न मिळो, ती शांतता मला हवी आहे. आणि ती फाटकामुळेच टिकली आहे.

तुम्हाला काय वाटतं?

---

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडं उलटं हाय भाऊ. हरीण, नीलगाय, रानडुक्कर सगळे रस्त्यापासून आत शेतात, अन् शेतकरी माळ्यावर रातभर जागली करत. 1972 च्या कायद्यानं शिकार बंद, तेव्हापासून आम्ही निस्ते डबे वाजवतो. तुमच्या त्या नारिंगीवाल्यांना तुरीच्या हंगामात इकडं पाठवा, रस्त्यापासून एक फूटही आत जायचं काम नाही.

(गंमत करून राह्यलो. पण खरंच वाचतो आहे, चालू द्या.)

---

हेमलॉक

डोंगऱ्या, सही द्यायला हवी होती असं माझं मत. मी जंगलाच्या बाजूने बोलते, शिकाऱ्यांच्या नाही.

तुम्ही ज्या रिकाम्या घळीचं कौतुक केलंत, तिथे जमिनीकडे पाहिलंत का? ओकची गुडघाभर रोपं किती दिसली? मध्य पेन्सिल्वेनियात मी अशा घळी पाहिल्या आहेत जिथे वर शंभर वर्षांचे ओक आणि खाली नुसतं नेच्याचं रान. मधली पिढीच नाही. हरणं ओकचं रोप, मेपल, हेमलॉक खुडून खातात, नेचा खात नाहीत. मग नेचा पसरतो आणि त्याच्या सावलीत नवं बी रुजत नाही. वनखातं लाखो डॉलर खर्चून आठ-आठ फुटी जाळ्यांची कुंपणं घालतं ती कशासाठी? पाच-सात वर्षांत कुंपणाच्या आत आणि बाहेर दोन वेगळी जंगलं दिसतात.

म्हणूनच ठरावीक तुकड्यांसाठी जादा माद्यांचे परवाने देतात (इथे त्याला डीमॅप म्हणतात). पण परवाना देऊन उपयोग काय, मारणारा रस्त्यालाच चिकटून असेल तर? कागदावर तुकडा हजार एकरांचा, शिकार होते कडेच्या पट्टीत.

आणि ही नुसती आपली समजूत नाही. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या सरकारी जंगलात शिकाऱ्यांना जीपीएस देऊन पाठवलं, वरून विमानातून माणसं मोजली. रस्ता जसा दूर आणि चढ जसा जास्त, तशी माणसं विरळ. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: आपण किती आत गेलो याचा शिकाऱ्यांचा स्वतःचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा मोठा निघाला.

हे दीड मैलवाल्यांसाठी नाही हं. :)

---

डोंगऱ्या

टोमणा पोचला.

पण हेमलॉकताई, तुमच्याच म्हणण्यातून उलटा अर्थ निघतो. रस्त्याकडेच्या पट्टीतच शिकार होते, कारण माणूस रस्ता सोडत नाही. यावर उपाय म्हणून आणखी रस्ता? मग नव्या रस्त्याला नवी पट्टी, आणि हरणं त्याच्याही पलीकडे. गळ्यात पट्टे घातलेल्या हरणांचा पेन स्टेटने 2013 पासून जो अभ्यास चालवला आहे, त्यात एक मादी हंगाम सुरू होताच कड्याच्या उभ्या उतारावर जाऊन बसल्याचं वाचलं होतं. तिथे कोणता रस्ता नेणार?

---

बाप्पा निवृत्त

मी 68. इथे आलो 1984 ला, शिकार शिकलो कारखान्यातल्या सहकाऱ्यांकडून. 'माणूस आळशी आहे' हे ऐकून ऐकून कंटाळलो, म्हणून लिहितो.

आत किती जायचं हे पाय ठरवत नाहीत, परत येतानाचं ओझं ठरवतं. दीडशे पौंडांचा नर पडला. आतडी काढली तरी एकशेपंधरा-वीस पौंड उरतात. ते शिंगांना दोरी बांधून ओढायचं, पडलेल्या झाडांवरून, दगडांवरून, आणि स्प्राऊलमध्ये रस्ते असतात माथ्यावर, हरीण पडतं खाली ओढ्यात. म्हणजे ओढायचं चढावर. डिसेंबरात पाचला अंधार. एकदा मी पाऊण मैलाला चार तास घेतले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बायकोसमोर जी खरडपट्टी काढली ती अजून आठवते. पन्नाशीनंतर छातीत कळ येण्याचा हमखास रस्ता म्हणजे हरीण ओढणं, असं ते म्हणाले.

तेव्हापासून मी रस्त्यापासून चारशे यार्डांत बसतो. गाडीतून गोळी झाडत नाही, रस्त्यावरून नाही. कायद्याने रस्त्यापासून निदान 25 यार्ड आत लागतं, ते मी पाळतो. (न पाळणाऱ्यांसाठी खातं कडेला खोटं हरीण उभं करतं, मान हलवणारं. एका महाभागाने त्यावर तीन गोळ्या झाडल्या, मग झुडपातून वॉर्डन उठला. मी लांबून पाहिलं, पोट धरून हसलो.)

आणि चारशे यार्डांत हरीण मिळत नाही हेही खोटं. रस्त्याची कड म्हणजे ऊन, ऊन म्हणजे झुडपं आणि कोवळा पाला. हरणाला कड आवडते. शिवाय तुमच्यासारखे तरुण आत जाऊन खडबड करतात, हरणं उठतात आणि आमच्याकडे येतात. तुम्ही आमचे हाकारे, पगार न घेणारे. आतच जात राहा, आभारी आहे.

---

मधुरा, डेन्व्हर

इथे कोलोराडोत हीच चर्चा एल्कवरून (मोठ्या जातीचं हरीण) होते, पण आकडे निराळे. एल्कचा नर सहा-सातशे पौंडांचा. ओढायचा प्रश्नच नाही, जागेवर मांस सोडवून पाठीवर चार-पाच फेऱ्या. सप्टेंबरात ऊन असतं. तीन मैल आत मारलं आणि वेळेत काढता आलं नाही तर मांस नासतं, आणि खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे जाणते लोक 'किती आत जाऊ शकतो' याआधी 'किती आतून आणू शकतो' हे विचारतात. बाप्पांना शंभर टक्के अनुमोदन.

आणखी एक. 1964 च्या कायद्याने जे विल्डरनेस, म्हणजे रानच ठेवायचे राखीव भाग, ठरवले आहेत तिथे मोटारच काय, सायकल आणि हातगाडीही चालत नाही. घोडा चालतो. म्हणजे ज्याच्याकडे घोडा, किंवा घोडेवाल्याला द्यायला पैसे, तो आत. बाकीचे फाटकापाशी. 'शांतता हवी' म्हणताना ती कोणाला परवडते हेही बघावं.

---

डोंगऱ्या

@मधुरा, पण इथे तर घोडा लागत नाही! बंद फाटकामागे चांगला सपाट रस्ता आहे. स्टेट फॉरेस्टमध्ये तिथे पायी जा, सायकल न्या, दोन चाकी हातगाडी न्या, कोणी अडवत नाही. बाप्पा, शंभर-दीडशे डॉलरची हातगाडी मिळते, चार तासांचं काम तासात.

---

बाप्पा निवृत्त

हातगाडी आहे. ती रस्त्यावर चालते. हरीण रस्त्यावर पडत नाही.

---

शाकाहारी शरद

एवढं सगळं वाचून एकच प्रश्न: मारायलाच कशाला हवं?

---

हेमलॉक

शरदराव, प्रश्न रास्त आहे, पण त्याचा वेगळा धागा काढू. एवढंच सांगते की इथे वर्षाला चार लाखांच्या आसपास हरणं शिकारीत जातात आणि तरीही वर सांगितलेली कुंपणं लागतात. न मारता काय होतं हे उपनगरांत, गाडीच्या बॉनेटवर, रोज दिसतं.

---

मीनल_हॅरिसबर्ग

मी चार वर्षांपासून शिकार करते, आमच्यात एकटीच. सगळ्यांनी गुडघे आणि ओझं सांगितलं, मी तिसरं सांगते.

मी रस्त्यापासून लांब जात नाही, कारण मला भीती वाटते. अस्वलाची नाही. पहिल्या वर्षी आत अर्धा मैल गेले, तर एक माणूस भेटला. त्याने 'हरवलीस का' विचारलं. मग 'कोणाबरोबर आलीस' विचारलं. मग परवाना बघू का म्हणाला. तो वॉर्डन नव्हता. काही वाईट केलं नाही त्याने. पण फोनला रेंज नाही, त्याच्या हातात बंदूक, माझ्या हातात बंदूक, आणि माझा चेहरा तिथल्या ओळखीचा नाही. परतताना पाय किती लटपटत होते ते मला माहीत. आता गाडी दिसेल अशाच जागी बसते.

तुमच्या टेकाडावरून खाली जे नारिंगी ठिपके दिसले, त्यात एखादी मी असेन. वरून सगळे ठिपके आळशीच दिसतात.

फाटकांचं म्हणाल तर उघडावीत. गाड्या दहा मैलांत विखुरल्या तर एका खडीच्या रस्त्यावर ही जत्रा होणार नाही आणि प्रत्येकाच्या बंदुकीसमोर दुसऱ्याची पाठ येणार नाही.

---

डोंगऱ्या

मीनल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. 'आळशी' शब्द मागे घेतो, निदान सगळ्यांसाठी वापरणार नाही.

फाटकांबद्दल मत तेच आहे. गर्दी विखुरेल हे पटतं, पण एकदा हंगामापुरतं उघडलेलं पुढच्या वर्षी वसंतातल्या टर्की पक्ष्याच्या शिकारीसाठी उघडतं, मग उन्हाळ्यात सहलीसाठी. बंद करायला कोणी अर्ज करत नाही.

---

हेमलॉक

ठीक. तुम्ही सही करू नका. पण एक मागते. फोनवर नकाशा असतोच ना शिकारीचा? तुमच्या बैठकीची खूण आणि जवळच्या रस्त्याची रेघ, यातलं अंतर मोजून इथे टाका. चाललेलं अंतर नको, सरळ रेषेतलं हवं. आणि *जवळच्या* रस्त्यापासून, तुम्ही गाडी लावता त्या नव्हे.

---

वऱ्हाडी ठेचा

आता आली मजा. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

---

डोंगऱ्या

मोजलं. दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा वाटलं बोट चुकलं.

गाडीपासून चाललेली वाट 1.3 मैल आहे, वळणं धरून. गाडी लावतो त्या रस्त्यापासून सरळ रेषेत 0.7. आणि घळीच्या पलीकडच्या कड्यामागून एक जुना लाकूडतोडीचा रस्ता जातो, तो माझ्या बैठकीपासून 520 यार्डांवर आहे. ऐकू कधी आला नाही, कारण त्याला फाटक आहे. नकाशात त्या फाटकाचा क्रमांक पाहिला. शेजाऱ्याच्या अर्जात दुसऱ्या ओळीत तोच आहे.

---

बाप्पा निवृत्त

520 यार्ड? मग तर शेजारीच निघालास. ते फाटक उघडलं तर मी त्या बाजूने येऊन बसेन. थर्मासमध्ये चहा आणतो, आल्याचा. तू फक्त हरणं माझ्याकडे हाकल.

---

डोंगऱ्या

बाप्पा, सही तरीही देणार नाही. चहा फाटकापाशी प्यायला येतो.