मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपचं बायोस कसं ताडायचं?

भाऊहो, दारव्हा तालुक्यातल्या एका वाचनालयासाठी जुने लॅपटॉप तयार करतोय. पोरं त्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरणार, आधार-बँकेचे तपशील टाकणार, म्हणून पक्की खात्री हवी.

डेबियन लिनक्सच्या आयएसओचा (इन्स्टॉल करायची फाइल) एसएचए-५१२ चेकसम (फाइलचा ठसा) आणि चेकसमच्या यादीची जीपीजी सही (यादी डेबियनचीच असल्याचा डिजिटल पुरावा), दोन्ही तपासले. (नुसत्या चेकसमवर भागत नाही, फाइल बदलणारा चेकसमही बदलू शकतो.)

अडलंय बायोसपाशी, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधल्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामपाशी. सीएच३४१ए प्रोग्रामरनं (चिप वाचणारं-लिहिणारं छोटं यूएसबी उपकरण) ती ३.३ व्होल्टची चिप दोनदा वाचली, प्रती सारख्याच. त्याआधी प्रोग्रामरच्या डेटा पिनवरचे ५ व्होल्ट ३.३ वर आणले, नाहीतर चिप खराब होऊ शकते. तरी लॅपटॉप कंपनीच्या बायोस फाइलशी हॅश (चेकसमसारखाच ठसा) जुळत नाही. एनव्हीरॅममध्ये (चिपमधला सेटिंग साठवणारा भाग) त्या-त्या मशीनची माहिती असते, तेवढा फरक समजतो. यूईएफआयटूलनं (बायोस फाइलचे भाग उलगडणारं साधन) फक्त डीएक्सई आणि पीईआयचे (मशीन सुरू होण्याच्या टप्प्यांचा कोड) व्हॉल्यूम वेगळे काढून ताडले तर पुरेल का? त्याच चिपमधल्या मॅनेजमेंट इंजिनच्या (इंटेलच्या चिपसेटमधला वेगळा छोटा संगणक) भागाचं काय करायचं?