सगळ्याच विषयांची पुस्तकं वाचतो, पण परीक्षण लिहायचं कसं?

तापीकाठचा वाचक:
राम राम मंडळी. यावलकडच्या आमच्या गावच्या वाचनालयात नवीन पुस्तकं आली की ग्रंथपाल काका मला म्हणतात, अर्धं पान लिहून दे, दारातल्या फळ्यावर लावू, लोक पुस्तकं नेतील. कादंबरीवर भराभर सुचतं हो, पण यावेळी केळी लागवडीचं एक, शिवकाळावरचं एक, एक कवितासंग्रह आणि एक पाककृतींचं असं हातात पडलं आणि चारही ठिकाणी मी तेच लिहून बसलो, भाषा ओघवती, मांडणी सुटसुटीत, संग्रही ठेवावं. फाडून टाकलं. मी बी.कॉम., इतिहासातलं खरंखोटं मी कुठून सांगणार? की आपल्याला कळतं तेवढ्यावरच लिहावं?

बागायतदार रावेर:
भाऊ, शेतीच्या पुस्तकाची भाषा ओघवती असून काय करायचं, आकडे तपास. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४४४४ झाडं बसतात, पुस्तकात अंतर एक आणि झाडं भलतीच असतील तर ते पकडायला कृषीची डिग्री लागत नाही, तुझं बी.कॉम. पुरतं. मग बघ कुठल्या मुलखावरून लिहिलंय. आपल्याकडं मे महिन्यातल्या गरम वाऱ्यानं पानं फाटतात म्हणून आपण बागेच्या कडेनं शेवरी नाहीतर गजराज गवत लावतो, त्यावर एक ओळही नसेल तर तसं लिही. आणि आवृत्ती! एंडोसल्फान हे कीटकनाशक २०११ पासून बंद आहे, पुस्तक अजून फवारा म्हणत असेल तर तुझं पहिलं वाक्य तेच पाहिजे, कारण कोणीतरी ते वाचून दुकानात जाईल.

धुळेकर:
इतिहासाचं पुस्तक मागून उघडायचं. इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुन्या कागदपत्रांची दप्तरं गोळा केली, १९२६ ला ते आपल्या धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं आहे, मी तिथं बसून एवढं शिकलो की लेखक कशाच्या आधारावर बोलतोय ते आधी विचारायचं. सभासद बखर महाराज गेल्यावर साधारण सतरा वर्षांनी लिहिली गेली, चिटणीस बखर शंभराहून जास्त वर्षांनी. लेखक दोन्हींना सारखंच वजन देत असेल तर ते वाचकाला सांगणं तुला नक्की जमेल. निकाल द्यायची गरज नाही. एकच प्रसंग धर आणि त्याचा माग काढ.

जळगावची ताई:
दादा, कविता मोठ्यानं वाचा, घरात कोणी ऐकणारं असेल तर फारच छान. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, त्या म्हणत गेल्या आणि जवळच्यांनी उतरवून घेतलं म्हणून त्या गेल्यावर १९५२ ला पुस्तक निघालं, आपल्या आसोद्याच्या लेकीची गाणी आधी कानानं टिकली. म्हणून कवितेवर लिहिताना हृदयस्पर्शी वगैरे नको, चार ओळी जशाच्या तशा द्या आणि तुम्ही कुठं थांबलात ते सांगा.

पाककृतींचं सोपं आहे, दोन पदार्थ करून बघा. मी एकात खान्देशी भरीत वाचलं, त्यात टोमॅटो आणि गरम मसाला! आपलं भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं, हिरवी मिरची लसूण बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात ठेचून, वर कांद्याची पात. वाईट वाटतं हो, पुण्यामुंबईकडचा माणूस तेच आपलं समजून करणार. कळण्याच्या भाकरीत उडीद किती घातलेत तेही बघा.

तापीकाठचा वाचक:
ताई, काड्या शेतात पडल्यात, भरीत रविवारी करतो, आई बाजूला बसेलच. बागायतदार भाऊ, तुमचा हिशोब लावला, पुस्तकातला बरोबर निघाला पण वाऱ्याबद्दल खरंच काही नाही. आणि धुळेकर, आत्ता मागची पानं उघडली, बखरींची नावं आहेत पण एकीचंही साल नाही. फळ्यावर आधी हेच लावतो.