साल्सा तीन महिने शिकले, अनोळखी माणसाबरोबर तीन मिनिटं नाचता येईना

तबलेवाल्याची_पुतणी
सांगलीत विश्रामबागेत एका क्लासला जात होते. महिना १,८०० रुपये, मिरजेहून स्कूटीवर, पावसातसुद्धा. आमचं गाणं लागलं की सगळं झकास जमायचं. परवा पुण्यात मैत्रिणीबरोबर एका सोशलला गेले, म्हणजे कुणीही कुणाबरोबर नाचायचं अशा पार्टीला. एकानं हात पुढं केला. त्यानं वळवायच्या आधीच मी वळून मोकळी! कारण आमच्यात तिसऱ्या बेसिक स्टेपनंतर उजवा टर्न ठरलेला. बिचारा माझ्या कोपरापासून नाक वाचवत होता.

म्हणजे क्लासात झालं ते गॅदरिंगचं बसवणं. एकच गाणं, एकच जोडीदार, आणि समोरून सरांचं 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन'. लीड, म्हणजे जोडीदाराचा इशारा, हातातून कसा कळतो, यावर चकार शब्द नाही. वर १-२-३, ५-६-७ ला पाय टाका, ४ आणि ८ रिकामे, एवढंच सांगितलं. काकांचा तबला ऐकत वाढलेली मी, ती जागा खाली धरून चालले. आता नीट ऐकते तर नेमका ४ आणि ८ वरच कोंगा (हातानं वाजवायचा उभा ढोल) घुमतोय! हे पहिल्या दिवशी ऐकवायला काय झालं होतं? की माझंच चुकलं?

सायकलस्वार
तुमचं नाही. आम्हाला तर 'ऑन वन', 'ऑन टू' (दिशा बदलायचं पाऊल पहिल्या ठोक्यावर की दुसऱ्या) असं काही असतं हे गाव सोडल्यावर कळलं. रोज एक अख्खं गाणं नुसता बेसिक करा, टर्न नाही, मोजणं नाही. कंटाळा आला की कान उघडतात.

कृष्णाकाठ
मी सांगलीतच शिकवतो (तुमचा क्लास माझा नव्हे, देवाशपथ). ताई, बॅचला नऊ जण, त्यात सहा बायका. जोड्या बदला म्हटलं की एखादं जोडपं पुढच्या सोमवारपासून गायब. निम्मे बहिणीच्या संगीतासाठी आलेले, त्यांना बसवलेलाच नाच पाहिजे. फी त्यांच्याकडूनच येते. कोंग्याचं मात्र कबूल. मीही ऐकवत नाही.

तबलेवाल्याची_पुतणी
मग दादा, उरलेल्या तीन बायकांना लीड करायला शिकवा की. आम्हाला आरशाकडं तोंड करून उभं करायचे.

कृष्णाकाठ
...सोमवारी बघतो.