कोलनवॉटरमधला ‘कोलन’ कोणता?

ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायच्या, हे आमच्या घरी इतके ठरलेले होते की त्यातला ‘कोलन’ म्हणजे काय, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. मोठ्या आतड्याला आणि अपूर्णविरामालाही इंग्रजीत ‘कोलन’च म्हणतात, परंतु ते दोन्ही शब्द मुळात ग्रीक असून त्यांचा येथे काहीएक संबंध नाही. हा कोलन म्हणजे ऱ्हाइनकाठचे जर्मन शहर क्योल्न. तेथे 18व्या शतकाच्या आरंभी योहान मारिया फरिना या मूळच्या इटालियन गंधकाराने आपल्या सुगंधी द्रव्याला नव्या गावाचे नाव दिले आणि फ्रेंचमध्ये ते ‘ओ द कोलोन’, म्हणजे शब्दशः ‘कोलोनचे पाणी’ झाले.

शहराचे नाव मात्र जर्मन नव्हे, लॅटिन आहे. उबी जमातीच्या या वस्तीत जन्मलेली अ‍ॅग्रिपिना पुढे सम्राट क्लॉडिअसची राणी झाली आणि इ.स. 50 मध्ये या गावाला रोमन वसाहतीचा दर्जा मिळून ‘कोलोनिया क्लॉडिया आरा अ‍ॅग्रिपिनेन्सियम’ असे लांबलचक नाव पडले. त्यातला सम्राट गेला, राणी गेली, ‘आरा’ म्हणजे वेदीही गेली. उरले ते ‘कोलोनिया’, म्हणजे नुसते ‘वसाहत’. आपणही ‘रेल्वे कॉलनीत’ न म्हणता ‘कॉलनीत गेलाय’ म्हणतो, तसाच हा प्रकार. किंबहुना आपली ‘कॉलनी’ हा तोच लॅटिन शब्द होय.

लॅटिनमध्ये आघात ‘लो’वर होता. जर्मनिक वळणाने तो पहिल्या अक्षरावर सरकला, मधला ‘ओ’ झिजून गेला आणि पुढच्या ‘इ’च्या प्रभावाने आधीच्या ‘ओ’चा ओठ गोल ठेवून उच्चारायचा ‘ए’ झाला, ज्याला देवनागरीत नेमके चिन्ह नाही. फ्रेंचांनी आघात जागच्या जागी ठेवला, त्यामुळे परक्यांचे ‘कोलोन’ मुळाला अधिक जवळचे आहे.

‘कोलोनिया’च्या मागे ‘कोलोनुस’ म्हणजे कसणारा, वसणारा, आणि त्यामागे ‘कोलेरे’ म्हणजे कसणे, हा धातू आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘चर्’ धातूशी जोडतात, म्हणजे आपले ‘चरणे’ही त्याच कुळातले.

लेखनात शहरासाठी ‘क्योल्न’ किंवा ‘कोलोन’ यांपैकी काहीही चालावे. कोलनवॉटरला मात्र कोणी ‘क्योल्नवॉटर’ करू नये.