ऑटिझमची थेरपी जिल्ह्याला नको, तालुक्यालाच हवी

घाटाखालची
माझा भाचा साडेचार वर्षांचा आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की हाक मारली तर तो वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आईचा हात धरून तिथे नेतो. ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शंका आली म्हणून त्यांनी लगेच चिठ्ठी दिली. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. इथवर सरकारी यंत्रणेने आपलं काम चोख केलं, हे मला आधी सांगायचंय.

अडतं ते पुढे. चिठ्ठी असते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी. सकाळची पहिली एसटी, तालुक्याला गाडी बदलायची. बहीण काजूच्या कारखान्यात रोजंदारीवर जाते, त्या दिवसाचा रोज बुडतो. भाच्याला कंडक्टरच्या घंटीचा आवाज सहन होत नाही. कान दाबून तो सीटखाली शिरतो आणि बाहेर यायला तयार नसतो. पोहोचेपर्यंत इतका बिथरलेला असतो की अर्ध्या तासाचं सत्र बहुतेक रडण्यातच जातं. मग महिनाभर काही नाही.

थेरपी म्हणजे एकदा करून मोकळं व्हायचं ऑपरेशन नव्हे, ती नेमाने लागते. माझं म्हणणं एवढंच: केंद्रातल्या तज्ज्ञांनी ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येऊन बसावं. खोली आहे. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात, त्यातून साहित्य घेता येईल. चाळीस कुटुंबांनी जिल्ह्याला जाण्यापेक्षा दोन माणसांनी तालुक्याला येणं स्वस्त नाही का?

स्वरदा_ओटी
ताई, तुमच्या बहिणीचे हाल मला दिसतात, कारण असे पालक रोज माझ्यासमोर बसतात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून मदत करणारी. सरकारी केंद्रात कंत्राटावर काम केलंय. तरीही माझा विरोध आहे.

आमच्याकडे स्पीच थेरपिस्ट एकच होती. तिच्याकडे फक्त ऑटिझमची मुलं नव्हती. कमी ऐकू येणारी, टाळू दुभंगलेली, सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम झालेली), सगळी तिच्याकडेच. तिला आठवड्यातले तीन दिवस तालुक्यांत फिरवलं असतं, तर ते तीन दिवस जिल्ह्याची ओपीडी बंद राहिली असती. ती सोडून गेली तेव्हा पद किती महिने रिकामं होतं, ते मी पाहिलंय. माणसं वाढवल्याशिवाय फिरती लावली तर कुणालाच धड काही मिळत नाही.

आणि मला खरी भीती वेगळीच आहे. तालुक्यात तज्ज्ञ मिळाला नाही की तिथे थोडंफार शिकलेलं कुणीतरी बसवलं जातं. मग मुलाची हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ म्हणणं, हात हलवतो म्हणून हात दाबून ठेवणं सुरू होतं. असं करून पाठवलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. ती खोलीत पाऊलही टाकायला तयार नव्हती.

जिल्ह्याचं केंद्र भक्कम करा. सगळ्या तपासण्या एकाच दिवशी, पदं कायमची, आईला प्रवासखर्च आणि बुडालेला रोज. त्यासाठी भांडा, मी तुमच्यासोबत आहे.

मांडवीकाठ
स्वरदा, तज्ज्ञ नसलेला माणूस नुकसानच करतो असं नाही. आमच्या गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेने हे करून पाहिलंय. गोवा आणि रावळपिंडी अशा दोन ठिकाणी चाचणी झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आले. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्या पंधरवड्याला पालकांना भेटायच्या. आई मुलाशी खेळते त्याचं चित्रीकरण करायचं आणि मग तेच दोघींनी बघत बोलायचं: इथे तू थांबलीस तेव्हा त्याने वर पाहिलं, इथे तू घाई केलीस. आईचं मुलाशी सूर जुळणं वाढलं, मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. असं काम तालुक्यात का होऊ नये?

स्वरदा_ओटी
तो अभ्यास मी वाचलाय आणि मला आवडतो. पण पूर्ण सांगा. मुलं ६५ होती, कार्यकर्त्यांवर सतत तज्ज्ञांची देखरेख होती आणि एका मोजमापात, आई-मुलाने एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्यात, उलट घट दिसली. माझा आक्षेप कार्यकर्तीला नाही, तिच्यामागे कुणी नसण्याला आहे. फक्त चित्रफिती दाखवून प्रशिक्षण उरकलं जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

केंद्रशाळेतले_सर
शाळेच्या बाजूने लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. २०२४ मध्ये राज्य सरकारने केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. एका केंद्रात अनेक शाळा, त्यांत अंध, कर्णबधिर, मतिमंद, ऑटिस्टिक, सगळी मुलं. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. एक शिक्षक काय काय करणार?

पण ताईंच्या भाच्याची अडचण याहून वेगळी आहे. तो अजून शाळेतच नाही. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, डीईआयसी आरोग्याकडे, विशेष शिक्षक शिक्षण विभागाकडे. तीन ते सहा या वयात, जेव्हा मदतीचा उपयोग सर्वांत जास्त, तेव्हा थेरपीसाठी मूल कुणाच्याच हजेरीपटावर नसतं. तालुका की जिल्हा हा वाद त्यानंतरचा. आधी या वयाची जबाबदारी एका विभागावर टाका.

रोखठोक_नगर
पदं, खोल्या, विभाग यांची वाट बघता बघता मुलं मोठी होतील. पैसा थेट पालकांच्या हातात द्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. तीच रक्कम वाढवा, पालक त्यांना पटेल तिथे जातील.

घाटाखालची
दादा, जातील कुठे? आमच्या तालुक्यात खासगी थेरपिस्टही नाही. ज्याच्या गावाजवळ सोय आहे त्यालाच त्या पैशाचा उपयोग. शिवाय निरामयसाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं आणि बहिणीच्या सासूबाईंना ते नको आहे. एकदा नोंद झाली की पोराला जन्मभर तेच म्हणतील, असं त्यांना वाटतं. त्यांना पटवायलाही गावात जाऊन बोलणारं माणूसच लागेल.

केरळात बड्स शाळा पंचायती चालवतात, कुटुंबश्री या महिला बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या साथीने. पहिली २००४ मध्ये वेंगानूर पंचायतीत निघाली. त्या मुख्यतः बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी आहेत आणि तिथल्या पंचायतींकडे पैसाही जास्त असतो, हे मान्य. पण गावाने जबाबदारी घेणं अशक्य नाही.

स्वरदाताई, तुमची भीती मला पटते, म्हणून मागणी बदलून लिहिते. पंधरवड्यातून एक दिवस तुमच्यासारख्या थेरपिस्टने ग्रामीण रुग्णालयात यावं, त्यासाठी जादा पद मंजूर व्हावं आणि मधल्या काळात घरी जाणाऱ्या कार्यकर्तीवर तिचीच देखरेख असावी. मागच्या खेपेला एका मॅडमनी बहिणीला साबणाचे फुगे दाखवले. फुंकायचं आणि थांबायचं, त्याने एकदा बघेपर्यंत पुढचा फुंकायचा नाही. घरी ती ते रोज करते. तो आता बाटलीचं झाकण तिच्या हातात आणून देतो. त्यापुढे काय करायचं हे विचारायला मात्र महिना थांबावं लागतं.

स्वरदा_ओटी
झाकण आणून देतो ही मोठी गोष्ट आहे, बहिणीला सांगा. आता तिने झाकण लगेच घेऊ नये, त्याने क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे बघू द्यावं. जादा पदासह पंधरवड्याला माझी हरकत नाही. पद न देता आदेश निघाला तर मात्र मी विरोधच करीन.

आशाताई_वाडीवरच्या
एवढा वेळ वाचत होते. घरी जाणारी कार्यकर्ती म्हणजे शेवटी आम्हीच ना? गरोदर बायका, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षण सगळं आमच्याकडे. हे कामही करू, मुलं आमच्याच वाडीतली आहेत. पण मागणीच्या कागदावर आमचं प्रशिक्षण आणि प्रत्येक भेटीचा मोबदला आधी लिहा.

घाटाखालची
लिहिते, ताई. पहिल्याच ओळीत.