मदत हवी आहे: गिधाडं आणि अंधारं आकाश, एकाच ट्रिपमध्ये

डिसेंबरच्या अमावस्येच्या आसपास भाचीला घेऊन म्हसळ्याजवळच्या चिरगावला जायचा विचार आहे, तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडं आहेत. मुंबईत तिने फक्त घारी बघितल्यात, गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडं कशी संपत गेली ते मीच सांगितलं, तेव्हापासून डोकं खातेय. दुसरा हट्ट देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा. तिचा आज दिसणारा उजेड निघाला २५ लाख वर्षांपूर्वी, तेव्हा आपली प्रजातीच नव्हती, हे ऐकून ती चक्क गप्प बसली (जे सहसा होत नाही).

गोरेगावच्या गच्चीवरून १०x५० दुर्बिणीतून ट्राय केलं, नुसता नारिंगी उजेड. आकाशदर्शनासाठी वांगणी माहितीये, पण तिथे गिधाडं नाहीत. गाडी नाही, माणगावपर्यंत ट्रेन आणि पुढे एसटी. आई पण सोबत, गुडघेदुखी, त्यामुळे चढण नको. हा घरट्यांचा सीझन आहे हे माहितीये, जवळ जायचं नाहीये, फोटो पण नकोत.

तर कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा, रस्त्यावरूनच लांबून गिधाडं दिसतात का, सकाळी किती वाजता, आणि म्हसळ्यात मुक्काम केला तर रात्री देवयानी नुसत्या डोळ्यांनी दिसेल का की गावाबाहेर जावं लागेल?