‘क्रिमिनल माइंड्स’: मनाचा ठाव लागला म्हणून गुन्हेगार सापडतो का?

पारिजात (धागाकर्ती)

अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर २२ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झालेली ‘क्रिमिनल माइंड्स’ ही मालिका २०२० पर्यंत पंधरा पर्वे चालली, आणि २०२२ पासून पॅरामाउंट प्लसवर तिची पुढची पर्वे येत आहेत. एफबीआयच्या क्वांटिको येथील वर्तन विश्लेषण विभागाचा चमू विमानाने एखाद्या शहरात उतरतो, घटनास्थळ पाहतो आणि मग स्थानिक पोलिसांना समोर बसवून सांगतो, की तुम्ही ज्याला शोधत आहात तो पंचविशी ते पस्तिशीतला गोरा पुरुष आहे, त्याची एकही नोकरी टिकलेली नाही, आणि अलीकडेच त्याच्या आयुष्यात काहीतरी मोठे बिनसले आहे. शेवटच्या दहा मिनिटांत नेमका तसाच माणूस सापडतो. माझा आक्षेप या शेवटच्या दहा मिनिटांना आहे.

मनाचा ठाव लागला की माणूसही हाती लागतो, ही समजूत या मालिकेने प्रेक्षकांच्या मनात घट्ट रुजवली आहे, आणि ती खरी नाही. प्रोफाइलिंगचा, म्हणजे गुन्ह्यावरून गुन्हेगाराचे वर्णन बांधण्याच्या पद्धतीचा इतिहास सांगताना न्यूयॉर्कच्या ‘मॅड बॉम्बर’चे उदाहरण हटकून दिले जाते. १९४० ते १९५६ या काळात रेल्वे स्थानके आणि चित्रपटगृहे अशा गर्दीच्या जागी बॉम्ब ठेवणाऱ्या या माणसाविषयी मानसोपचारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांनी काही अंदाज बांधले होते, आणि तो सापडेल तेव्हा त्याच्या अंगावर डबल-ब्रेस्टेड सूट असेल व त्याची बटणे लावलेली असतील, हे त्यांचे भाकीत आजही मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. पण जॉर्ज मेटेस्की सापडला तो सुटाच्या बटणांमुळे नव्हे. कॉन एडिसन या वीज कंपनीतील ॲलिस केली नावाच्या कर्मचारी महिलेने जुन्या नुकसानभरपाईच्या फायली उपसल्या, आणि बॉम्बवाल्याच्या पत्रांतली अन्यायाची भाषा तिला एका जखमी कामगाराच्या पत्रव्यवहारात जशीच्या तशी आढळली. या प्रकरणात ब्रसेल यांचे नाव झाले. केलीचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

त्यानंतर ऑक्टोबर २००२ मध्ये वॉशिंग्टनच्या आसपास लपून गोळ्या घालणाऱ्यांनी १० जणांचा जीव घेतला, तेव्हा वाहिन्यांवर बसलेले अनेक जाणकार एकट्या गोऱ्या पुरुषाचे वर्णन करीत होते. प्रत्यक्षात ते दोघे होते, दोघेही कृष्णवर्णीय होते, आणि त्यांतला एक अवघ्या १७ वर्षांचा होता. मालिकेतला चमू प्रसंगी चुकतो, परंतु सहसा तिसाव्या मिनिटाला चुकतो आणि चाळिसाव्या मिनिटापर्यंत ती चूक दुरुस्त झालेली असते. खऱ्या तपासात अशी चूक महिनोन्महिने कुणाच्या तरी मानगुटीवर बसते. आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल.

दक्षिणवारा

धागा आवडला, परंतु निष्कर्षाशी ठाम असहमत.

ॲलिस केलीचे आपण दिलेले उदाहरण मालिकेच्या विरोधात जात नाही, उलट मालिकेच्या रचनेचा तोच कणा आहे. पिनेलोपी गार्सिया ही चमूतल्या संगणकतज्ज्ञाची व्यक्तिरेखा आठवून पाहावी. तिच्याकडे बंदूक नाही, ती सहसा कार्यालय सोडून कुठे जात नाही, आणि तरीही बहुतेक भागांत गुन्हेगाराचे नाव सर्वप्रथम तिच्याच तोंडून ऐकू येते. बाकीचे सांगतात की दवाखान्यातून अलीकडे सुटलेला, अमुक वस्तीत वाढलेला, अमुक प्रकारचे वाहन चालवणारा माणूस शोध. ती नोंदी चाळते आणि नाव देते. म्हणजे प्रोफाइलमुळे नाव कळते असे मालिका म्हणतच नाही. कोणत्या फायली आधी उघडायच्या हे प्रोफाइलवरून ठरते, इतकेच ती म्हणते.

दुसरे असे, की गुन्हेगार ओळखणे हा या शास्त्राचा एकमेव उपयोग नव्हे. त्याला बोलते ठेवणे हा त्याहून मोठा उपयोग आहे. ब्रसेल यांनीच पोलिसांना सल्ला दिला होता, की आपले अंदाज वर्तमानपत्रांत जाहीर करा. पुढे एका वर्तमानपत्राच्या खुल्या पत्राला मेटेस्कीने उत्तरे लिहिली आणि त्या उत्तरांत आपल्या जुन्या दुखापतीची माहिती स्वतःच देऊन टाकली. कॅन्सस राज्यातील विचिटा शहरातल्या ‘बीटीके’ या टोपणनावाच्या मालिका-खुन्याचे प्रकरण तर ही मालिका सुरू झाली त्याच वर्षीचे आहे. तपासाचे प्रमुख केन लँडवेअर एफबीआयच्या वर्तन विश्लेषकांच्या सल्ल्याने पत्रकार परिषदांमधून त्या खुन्याशी जणू संवाद साधत राहिले. फ्लॉपी पाठवली तर माझा माग लागेल का, असे त्याने पोलिसांनाच विचारले; पोलिसांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून कळवले की काही अडचण नाही; आणि फेब्रुवारी २००५ मध्ये त्याने पाठवलेल्या फ्लॉपीत एका ल्युथरन चर्चचे नाव आणि ‘डेनिस’ हा शब्द सापडला. डेनिस रेडर त्या चर्चच्या परिषदेचा अध्यक्ष होता. माग संगणकाच्या जाणकाराने काढला हे मान्य. पण ३० वर्षे सावध राहिलेल्या माणसाने ती फ्लॉपी पाठवावी, इतका त्याचा अहंकार कोणी आणि कसा जोपासला, हेही लक्षात घ्यावे लागेल.

मालिकेत हे काम चमूची माध्यम-संपर्क अधिकारी जेजे हिच्याकडे होते. पत्रकारांसमोर काय बोलायचे, बळीचे नाव घ्यायचे की नाही, खुन्याला कोणत्या शब्दाने चिथावायचे आणि कोणत्या शब्दाने शांत ठेवायचे, हे सारे तिने पडद्यावर करून दाखवले आहे.

टिपूर

आपण दोघेही पद्धतीवर वाद घालत आहात. मला मालिकेच्या नैतिकतेविषयी बोलायचे आहे. जेसन गिडियनची भूमिका करणारे मँडी पटिंकिन २००७ साली मालिका सोडून गेले. रोज रात्री इतक्या स्त्रियांवर अत्याचार होतील आणि त्यांचे खून पडतील याची आपल्याला कल्पना नव्हती, आणि त्या कामाने आपल्या मनाची फार हानी केली, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. मालिकेच्या केंद्रस्थानी उभा असलेला नट असे म्हणतो, तेव्हा प्रोफाइल बरोबर ठरले की चुकले हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आरंभीच्या तीन-चार मिनिटांत एक स्त्री भेदरलेली दाखवायची, मग शीर्षक, मग एका थोर माणसाचे अवतरण: या साच्यात ती स्त्री केवळ निमित्त उरते.

गोदातीर

टिपूर यांच्या आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः मधल्या काही पर्वांबद्दल. परंतु बळी केवळ निमित्त उरतो, हे संपूर्ण मालिकेबद्दल म्हणणे अन्यायाचे होईल.

२००९ साली प्रसारित झालेला शंभरावा भाग आठवावा. फॉयेट नावाचा खुनी चमूचा प्रमुख हॉच याच्या विभक्त पत्नीपर्यंत, हेलीपर्यंत पोहोचतो. हॉच गाडी पळवत येतो आहे आणि फोनवर तिच्याशी बोलतो आहे. आपल्या लहान मुलाला तो सांगतो, की या केसवर तुला माझ्याबरोबर काम करायचे आहे. ही त्या बापलेकांची खूण असते, आणि पोरगे निमूटपणे वडिलांच्या खोलीतल्या पेटीत जाऊन लपते. हेलीला मरण समोर दिसत असताना ती नवऱ्याकडून एवढेच वचन घेते, की मुलाला प्रेम म्हणजे काय ते सांगत राहशील. गोळीचा आवाज आपल्याला हॉचसोबत फोनवर ऐकू येतो. त्या क्षणी खुन्याचे मन कसे घडले याची एका ओळीनेही चर्चा होत नाही. नंतर हॉच फॉयेटला नुसत्या हातांनी ठार मारतो, आणि इतरांच्या मनाचे विश्लेषण करणारा हा माणूस स्वतः त्या अवस्थेला कसा पोहोचला याचा हिशेब पुढच्या भागांत चुकवावा लागतो. ज्या मालिकेला खुन्याचेच कौतुक आहे, ती असा भाग लिहिणार नाही.

पोटोमॅक

पारिजात यांनी २००२ च्या ऑक्टोबरचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी तेव्हा मेरीलँडमध्ये राहत होतो. पेट्रोल पंपांवर मालकांनी ताडपत्र्या लावल्या होत्या, जेणेकरून पेट्रोल भरणारा माणूस रस्त्यावरून दिसू नये. शाळांनी मुलांना मैदानावर सोडणे बंद केले होते. मरण पावलेल्यांमध्ये मूळचे पुण्याचे एक टॅक्सीचालक होते, त्यांना पंपावरच गोळी लागली, आणि आमच्याकडच्या मराठी घरांत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पांढरी व्हॅन दिसली की लोक पोलिसांना फोन करीत. ज्या निळ्या कॅप्रिस गाडीच्या डिकीतून गोळ्या झाडल्या जात होत्या, ती मात्र त्या काळात पोलिसांच्या नजरेखालून एकाहून अधिक वेळा निघून गेली. चुकीच्या वर्णनाची किंमत काय असते, ते आम्ही पाहिले आहे.

दक्षिणवारा

पोटोमॅक, आपण सोसलेल्या भीतीपुढे वाद घालणे मला जड जाते. पण पांढरी व्हॅन ही प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यातून आलेली चूक होती, ती प्रोफाइलरांच्या माथी मारू नये. तपासाला वळण मिळाले तेही गुन्हेगारांच्या बोलण्यातूनच. त्यांनी फोनवर अलाबामातील मॉन्टगोमेरी येथल्या आपल्या आधीच्या गुन्ह्याची फुशारकी मारली, तिथल्या ठशाशी त्यांतल्या सतरा वर्षांच्या माल्वोचा ठसा जुळला, आणि मग नावे, गाडी सारे पुढे आले. पोलीसप्रमुख चार्ल्स मूस दररोज कॅमेऱ्यासमोर येऊन त्यांना उद्देशून बोलत होते, हे आपल्याला आठवत असेलच.

पारिजात (धागाकर्ती)

व्हॅनबद्दलची दुरुस्ती योग्य आहे. वर्णनातला वंश आणि ‘एकटा माणूस’ ही कल्पना मात्र जाणकारांचीच होती, तो मुद्दा मी सोडत नाही.

गार्सियाविषयी दक्षिणवारा यांनी जे लिहिले ते मी दोनदा वाचले. तिच्या पडद्यावरच्या यादीत आधी चारशे नावे असतात, मग एक अट घातली की बारा, आणखी एक घातली की एकच. उरलेल्या तीनशे नव्व्याण्णव निरपराध माणसांचे पुढे काय होते, हा प्रश्न कधी येतच नाही, कारण ती यादी नेहमी योग्य माणसावरच थांबते. खऱ्या जगात ती चुकीच्या माणसावरही थांबते. १९९२ साली लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर एका तरुण आईचा तिच्या लहानग्यासमोर खून झाला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ पॉल ब्रिटन यांनी केलेले वर्णन कॉलिन स्टॅग नावाच्या माणसाला लागू पडते असे पोलिसांना वाटले. एका पोलीस महिलेने खोट्या नावाने त्याच्याशी जवळीक साधली, त्याला पत्रे लिहिली, आणि तो कबुली देईल या आशेने हिंसक कल्पनांचा विषय पुनःपुन्हा काढला. त्याने कबुली दिली नाही, तरी खटला उभा राहिला. १९९४ साली न्यायमूर्ती ऑग्नल यांनी तो सारा पुरावा नाकारला. खरा खुनी रॉबर्ट नॅपर याने २००८ साली गुन्हा मान्य केला. पोलिसांचे लक्ष स्टॅगवर खिळलेले असताना, नोव्हेंबर १९९३ मध्ये, त्याने आणखी एका आईचा आणि तिच्या चिमुकलीचा जीव घेतला होता.

मालिकेतला चमू ज्याच्या आधारे बोलतो तो पायाही कच्चा आहे. गुन्हेगारांचे ‘सुसंघटित’ आणि ‘विस्कळीत’ असे दोन गट एफबीआयने ३६ कैद्यांच्या मुलाखतींच्या आधारे पाडले. डेव्हिड कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली १०० मालिका-खुन्यांच्या गुन्ह्यांवर ही विभागणी पडताळून पाहिली, तेव्हा असे दोन वेगळे गट दिसले नाहीत. मालिका त्यानंतरच्या वर्षी सुरू झाली, आणि जुनीच विभागणी घेऊन पुढे गेली.

जेजेबद्दल मात्र मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच अधिक खंत वाटते. टेबलावर साचलेल्या फायलींतून कोणत्या शहराला मदत द्यायची आणि कोणाला नकार कळवायचा, हे ठरवणारी ती एकटी होती. २०१० साली वाहिनीने जेजेची भूमिका करणाऱ्या ए. जे. कुक यांना मालिकेतून काढले, प्रेक्षकांनी निषेध केला, आणि सातव्या पर्वात त्या परतल्या. पण परतलेली जेजे प्रोफाइलर झालेली होती. आपण ज्याला या शास्त्राचा सर्वांत मोठा उपयोग म्हणता, त्या कामाला मालिकेने पुन्हा स्वतंत्र माणूस दिला नाही.

दक्षिणवारा

हा शेवटचा मुद्दा मला नाकारता येत नाही. स्टॅग प्रकरणाबाबत मात्र एक सांगणे आहे. दुसऱ्या पर्वात चमूतला डेरेक मॉर्गन आईला भेटायला शिकागोला जातो आणि तिथे त्यालाच खुनाच्या संशयावरून अटक होते, कारण गिडियनने तिथल्या पोलिसांना दिलेले प्रोफाइल त्याला तंतोतंत लागू पडते. स्वतःचा सहकारी आपल्याच वर्णनात अडकल्यावर गिडियन आणि हॉच यांना त्याचे खाजगी आयुष्य उकरावे लागते, आणि लहानपणी प्रशिक्षकाने केलेला अत्याचार मॉर्गनला सर्वांसमोर बोलून दाखवावा लागतो. निर्दोष ठरण्यासाठी माणसाला काय काय उघडे करावे लागते, हे मालिकेने दाखवलेले आहे, तेही आपल्या सर्वांत लोकप्रिय पात्रांपैकी एकाच्या बाबतीत.

पारिजात (धागाकर्ती)

तो भाग मलाही फार चांगला वाटतो. पण मॉर्गन सुटतो तो एफबीआयचे चार-पाच निष्णात लोक त्याच्यासाठी जिवाचे रान करतात म्हणून. स्टॅगच्या बाजूने असे कोणी नव्हते. तो वर्षभर कोठडीत होता, आणि खटला रद्द झाल्यावरही नॅपरने गुन्हा मान्य करेपर्यंत अनेक जण त्यालाच खुनी समजत राहिले. तीनशेहून अधिक भागांत त्याच्यासारख्या माणसाचा एक भाग पूर्णपणे त्याच्या बाजूने, त्याच्या घरातून लिहिला गेला असता, तर मी हा धागा काढला नसता.